नैवेद्याआधीची चव

सुभानपुरा, बडोदे
घटस्थापना

ती. वन्सं,

नमस्कार. साष्टांगाचा भाग गुडघ्यांमुळे यंदा स्थगित आहे, तो मी घातला असं समजून घ्यावा.

पत्रास कारण अत्यंत गंभीर आहे. या घरातल्या एकाही डब्यात त्याच्या अंगावर लिहिलेली वस्तू नाही. आज सकाळी मी ‘साखर’ असं ठळक अक्षरांत लिहिलेला डबा उघडला, तर आत उडदाची डाळ. ‘उडीद’मध्ये दाण्याचं कूट. ‘कूट’मध्ये सुतळी, दोन मेणबत्त्या आणि एक सुपारी, जी कुठल्या शुभकार्यातून उरली ते देवच जाणे. शेवटी ‘मेथी’त काहीतरी पांढरं दिसलं म्हणून ते चहात घातलं. तो पापडखार होता. चहाला साबणासारखा फेस आला. तुमचे बंधू तो संपूर्ण प्यायले आणि वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “आज चहा जरा वेगळा झालाय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाबद्दल या गृहस्थांनी केलेली ही पहिली टीका.

आता या अन्यायाची दाद मी मागायची कुणाकडे? सगळ्या डब्यांचा नकाशा ज्यांच्या डोक्यात, त्या नाशिकला.

“चार दिवस आनंदकडे जाऊन येते” म्हणून तुम्ही गेलात. लेकाकडे जायला कुणाची ना नाही. पण चार दिवसांसाठी जाताना माणूस देव नेत नाही, वन्सं. देवघरात बाळकृष्णाच्या पाटावर चंदनाचा एक गोल डाग उरलाय. मी रोज त्याच्यासमोर निरांजन ओवाळते. डाग प्रसन्न दिसतो.

चिवड्याच्या प्रकरणाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. फक्त आनंदच्या कानावर काही भलतंच गेलं असेल, तर त्याच्यासाठी खरं काय ते लिहिते. आपल्या पुढच्या खोलीतल्या फराळाच्या दुकानात, समोरच्या बंगल्यातल्या कोकिलाबेन आल्या. टेबलावर ताज्या चिवड्याची परात होती. या गावात कुठल्याही फरसाणवाल्याकडे करतात तसंच त्यांनी केलं. चिमूटभर उचलून तोंडात टाकला. तुम्ही आतून आलात, त्यांच्या हाताखालून परात ओढून घेतलीत, “नैवेद्य व्हायचाय” एवढंच म्हणालात आणि सबंध परात मागच्या दारी गाईपुढे ठेवलीत. गाय अजून रोज त्याच वेळेला येते. कोकिलाबेन येत नाहीत. कोकिलाबेन नाहीत म्हणजे त्यांचं भजनमंडळ नाही, आणि भजनमंडळ नाही म्हणजे आपल्या गल्लीत घेणारं उरलं कोण? मी आणि गाय.

मी तेव्हा नुकतीच त्या अलकापुरीतल्या शिबिराहून आले होते. स्त्रियांसाठी उद्योग आणि व्यक्तिमत्त्व विकास, तीन दिवस, दुपारच्या जेवणासह. तिथल्या कोटवाल्या साहेबांनी ‘ग्राहक हाच देव’ हे वाक्य आमच्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं होतं. घरी येऊन मी ते तुम्हाला ऐकवलं, तेव्हा तुम्ही बेसन चाळता चाळता विचारलंत, “मग आपल्या देवाला काय म्हणायचं?” शिबिरात यावर सत्र नव्हतं.

त्या दिवशी कोकिलाबेनना फाटकापर्यंत पोचवताना मी दोन सभ्य शब्द बोलले, इतकंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरलीत. कारण तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. तुमची हरकत नसेल तर आपण दोघीही असंच धरून चालू, की तुम्ही नातवाला भेटायला गेलात.

तुमची
वसुंधरा

ता. क. हिंग कुठे आहे?


सुभानपुरा, बडोदे
अष्टमी

ती. वन्सं,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ‘हिंग जिऱ्यात. भाजणी मंद भाजावी. सर्व क्षेम. दुर्गा.’ एवढा मजकूर वाचून पोस्टमनही हळहळला. म्हणाला, “बेन, आखुं कार्ड खाली छे,” सगळं कार्ड कोरंच आहे. मी म्हटलं, आमच्या वन्सं शब्दही तुपासारखेच वापरतात.

इकडे माझा व्यक्तिमत्त्व विकास जोरात सुरू आहे. साहेबांनी सांगितलं होतं की रोज सकाळी आरशापुढे उभं राहून स्वतःला बजावायचं, ‘मी यशस्वी उद्योजिका आहे.’ तीन सकाळी बजावलं. आरशातल्या बाईला काही ते पटलेलं दिसलं नाही. चौथ्या दिवशी तुमचे बंधू दाढीला आले आणि म्हणाले, “तुझं भाषण झालं असेल तर आरसा मिळेल का?”

दुसरा धडा होता, ‘ग्राहकाला मोफत चव द्या, विक्री दुप्पट होईल.’ हा मी अगदी मन लावून अमलात आणला. टेबलावर ताटली ठेवली, चकलीचे तुकडे केले, पाटी लावली. संध्याकाळी गरब्याला निघालेल्या चार पोरी थांबल्या. चणिया-चोळी, आरसे, बांगड्या, नुसता झगमगाट. एकीने तुकडा तोंडात टाकला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. दुसरीने विचारलं, “केवी छे?” पहिली अतिशय चांगल्या घरातली असावी. ती म्हणाली, “मजबूत छे.”

घेतली नाही कुणीच.

तर हा माझा पहिला स्वतंत्र शोध लिहून ठेवा. चव दिल्याने माल खपतो हे खरं आहे, पण माल आधी चवीचा असावा लागतो. नाहीतर जे गिऱ्हाईक विकत घेऊन मग पस्तावलं असतं, ते फुकटात सावध होतं. शिबिराच्या फीमध्ये हे धरलेलं नव्हतं.

वन्सं, आजवर मी समजत होते की दुकान मी चालवते. पाटी मी रंगवून आणली, भाव मी ठरवले, पिशव्यांवर नाव छापून घेतलं, आल्यागेल्याशी गोड बोलले. तुम्ही आत नुसत्या ‘करत’ होतात. आता तुम्ही नाही, तर माझ्याकडे पाटी आहे, भाव आहेत, छापील पिशव्या आहेत आणि गोड बोलणं तर अमाप आहे. पिशवीत घालायला मात्र काही नाही.

मोहन किती घालायचं ते कळवावं. ‘अंदाजाने’ असं लिहू नये. माझा अंदाज परवा गाईने हुंगून सोडून दिला.

वसुंधरा


सुभानपुरा, बडोदे
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

ती. वन्सं,

काल रात्री आनंदचा फोन आला. वाण्याच्या दुकानातून तुमच्या बंधूंना हाका आल्या, ते गंजिफ्रॉकवर धावले, मी मागोमाग. आनंद मला म्हणाला, “मामी, मी आईला आता इथेच ठेवून घेतो. तुम्ही फार वर्षं केलंत. आता तिने आराम करायचा. सुमेधा तिला ओट्यापाशी येऊच देत नाही. देवाचं पाणीसुद्धा भरून देते.” मग म्हणाला, “दिवाळी झाली की मामांना सांगा, रेशनकार्डातून तिचं नाव कमी करून दाखला पाठवा.”

मुलगा गुणी आहे हो. सूनही गुणी आहे. तुमच्या वाट्याला आलेल्या सुखाला मी नाव ठेवत नाही. पण मला राहून राहून एकच दिसतंय. तुम्ही खुर्चीत बसल्या आहात आणि तुमचे हात मांडीवर. वन्सं, मी तुमचे हात मांडीवर कधी बघितलेले नाहीत. भाऊजी गेले तेव्हा बाराव्या दिवशीसुद्धा तुम्ही वाल सोलत होतात.

आणि ‘नाव कमी करणे’ हा काय शब्द आहे! तुमचे बंधू फोन ठेवून म्हणाले, “सोपं आहे, एक अर्ज करायचा.” मग आम्ही घरी आलो. फाटक लावताना म्हणाले, “ताई खरंच यायची नाही का गं?” मी म्हटलं, “मला काय विचारता?” ते म्हणाले, “मग कुणाला विचारू?”

आता दुसरी बातमी. आज भाजीच्या गाडीवर कोकिलाबेन समोरासमोर आल्या. दोघींनीही एकाच दुधीवर हात ठेवला होता, त्यामुळे बोलणं भाग पडलं.

मी म्हटलं, “केम छो?”

त्या म्हणाल्या, “दुर्गाबेन क्यां छे?”

“मुलाकडे. नाशिकला.”

“मारे लीधे गयां?” माझ्यामुळे गेल्या का, असं त्यांनी सरळ विचारलं. भाजीवाला भेंडी मोजायची थांबून ऐकू लागला.

मी माझं ठेवणीतलं गुजराती काढलं. त्या दिवशी तुमचा अपमान झाला, आमच्या वन्सं जुन्या वळणाच्या, असं सुरू केलं. त्यांनी मला हाताने थांबवलं. म्हणाल्या, “वसुबेन, मने कहेवुं जोईए ने! भगवानने धरावानुं बाकी होय ने हुं हाथ नाखुं?” मला सांगायचं तरी, देवाला दाखवायचं बाकी असताना मी हात घालीन का! मग अर्ध्या मराठीत सांगू लागल्या. त्या पक्क्या वैष्णव. त्यांच्या घरी ठाकोरजींना भोग लावल्याशिवाय मीठसुद्धा कुणी चाखत नाही. करताना वास आला तर तोंड फिरवायचं, असं त्यांच्या सासूने शिकवलेलं. “पण मी समजली दुकान छे. दुकानमां तो बधा चाखे. तुमच्या दुकानात भगवान जेवतात ते मला कोण सांगणार? परात खेंची लीधी त्यारे मने एम के, आ बाई मला अस्पृश्य समजते की शुं!”

मी दुधी सोडून दिला.

म्हणजे बघा, वन्सं. या अख्ख्या सोसायटीत तुमचं म्हणणं ज्यांना न सांगता कळलं असतं, अशी एकच बाई होती, आणि नेमकी तिच्याच हाताखालून परात ओढली गेली. एक वाक्य मध्ये हवं होतं. तुम्हाला रागाने सुचलं नाही, आणि मला सुचलं ते भलतंच.

ते भलतं काय, हेही कोकिलाबेननीच काढलं. मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. म्हणाल्या, “तमे तो कह्युं, ‘खोटुं ना लगाडता, एमने धंधामां समज ना पडे.’ मने ए ना गम्युं. घरच्या माणसाला असं बाहेर बोलायचं नाही.”

होय. हेच ते माझे दोन सभ्य शब्द. वाईट वाटून घेऊ नका, यांना धंद्यातलं काही कळत नाही. तुम्ही आत होतात, कढई तडतडत होती, तुम्हाला ऐकू जाणार नाही असा माझा समज. पण कढई तुम्ही उतरवली होती ना? तुम्ही या गावात जन्मलेल्या, गुजराती तुम्हाला माझ्याआधी वीस वर्षं येतं. मी सासरी येऊन शिकलेलं गुजराती, ते वापरायला मिळालं की मला मोठा आनंद होतो. त्या आनंदात कुणाबद्दल काय बोलले ते तपासायचं राहून गेलं.

मी काही लांबण लावत नाही. तुम्हाला त्याचं काय वाटलं ते तुम्ही बॅग भरून सांगितलंच आहे.

कोकिलाबेननी दुधी मला घेऊ दिला.

वसुंधरा


सुभानपुरा, बडोदे
वसुबारस

ती. वन्सं,

तुमच्या मागच्या कार्डावर मजकूर वाढला आहे. ‘मोहन कडकडीत हवे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे. गूळ चिकीचा नको. कोकिलाबेन वैष्णव आहेत हे मला ठाऊक नव्हते. दुर्गा.’ शेवटच्या ओळीआधी तुम्ही शाई बदलली आहे. म्हणजे कार्ड एक दिवस तसंच ठेवून पुन्हा लिहायला घेतलंत. मी असल्या गोष्टी बघते, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

इथे एक गंमत झाली आहे आणि तिच्याविषयी तुमचं मत हवं आहे. चकल्या आता बऱ्या होतात. गरब्यातली ती पोरगी परवा येऊन म्हणाली, “आंटी, हवे तो तूटे छे.” म्हणजे आता निदान तुटते. मी सकाळी पहिला घाणा काढला की त्यातलं थोडंथोडं ताटात घेऊन देवापुढे ठेवते. पाणी फिरवते. मग तेच एका वाटीत घालून टेबलावर आणते. मोफत चवीची पाटी काढून टाकली. येईल त्याला म्हणते, “प्रसाद लो.”

वन्सं, जादू झाली. पूर्वी ताटलीत हात घालून माणसं चिवडायची, नाक मुरडायची, “थोडुं तीखुं छे” म्हणायची. आता तीच माणसं चप्पल काढून पुढे येतात. उजवा हात पुढे, डावा खाली. डोळ्यांना लावतात आणि मग खातात. प्रसाद घेऊन तसंच रिकाम्या हाती फिरायला कुणाला बरं वाटत नाही. आणि प्रसाद खाल्लेल्या तोंडाने भावात घासाघीस करायची लाज वाटते. कोकिलाबेन आल्या, त्यांच्या मागून भजनमंडळ आलं. शंकरपाळी दुपारी संपली. शिबिरातल्या साहेबांना कळलं तर ते यावर एक वेगळं शिबिर घेतील.

पण काल वाटी भरताना माझा हात थांबला. हे मी देवासाठी करते की खपासाठी? तुम्ही नैवेद्य दाखवायचात तेव्हा तुमच्या मनात गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या मनात असतं. देवाला मी दुकानात नोकरीला तर ठेवलं नाही ना? तुमच्या बंधूंना विचारलं. ते म्हणाले, “देवाला चालतंय तोवर तुला काय करायचंय?” बँकेत जन्म काढलेल्या माणसाचं हे उत्तर. मला तुमचं हवं आहे.

आता मुख्य. पाडव्याला, म्हणजे इथल्या बेसत्या वर्षाला, गुजराती नव्या वर्षाच्या दिवशी, सोसायटीच्या देवळात अन्नकूट आहे. प्रत्येक घरून एक पदार्थ. कोकिलाबेन काल वही-पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तमारे त्यांथी दुर्गाबेनना अनारसा.” मी म्हटलं, त्या इथे नाहीत. त्या म्हणाल्या, “तो बोलावो. दुसऱ्या घरात मला विचारावं लागतं, की करताना कुणी चाखलं तर नाही ना? दुर्गाबेनला कोण विचारणार?”

ज्या गोष्टीपायी आपलं गिऱ्हाईक गेलं होतं, त्याच गोष्टीसाठी आता तुमचं नाव घेतलं जातंय. तुम्ही असतात तर पदराने चष्मा पुसला असतात.

पीठ तयार आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. गोळा डब्यात आहे, रोज उघडून बघते. तो मला काही सांगत नाही. तुम्ही बोटाने दाबून ‘आज नको, उद्या’ म्हणायचात, ते कशावरून म्हणायचात? हे कार्डावर मावणारं नाही, मला कळतं.

मी ‘या’ असं लिहीत नाही. शिकवायलाही बोलवत नाही, कारण इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभी राहून मी शिकले नाही, बोलतच राहिले. मला फक्त चुकीचं करताना कुणीतरी ‘अगं अगं’ म्हणायला हवं आहे. तुमचे बंधू म्हणत नाहीत. ते खाऊन टाकतात.

रेशनकार्डाचा अर्ज त्यांनी आणून ठेवला आहे. त्यावर वर्तमानपत्र ठेवलं, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, आणि आता त्यांना तो सापडत नाही.

वसुंधरा


सुभानपुरा, बडोदे
पाडवा, दुपार

ती. वन्सं,

हे पत्र टपालाने येत नाही. तुमचे बंधू स्वतः आणत आहेत. आज ओवाळल्यावर त्यांनी विचारलं, “ओवाळणी काय देऊ?” मी म्हटलं, “नाशिकचं एक तिकीट. तुमच्या नावाचं.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, “बरोबर आहे, उद्या भाऊबीज.” आणि स्वतःची पिशवी स्वतः भरायला घेतली. त्यात दोन डाव्या पायांचे मोजे निघतील, काही बोलू नका.

पत्राबरोबर एक डबी आहे. तिच्यात चार अनारसे आहेत. खाण्याआधी पुढचं वाचा.

तुम्ही आला नाहीत. येणार नाही असं कार्डही आलं नाही. म्हणून काल पहाटे मीच कढईपाशी बसले. तूप मंद, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. पहिला तुपात पडताच हसला आणि विरघळून गेला. दुसराही हसला. तिसरा गंभीर निघाला. मग मी पिठात थोडं तांदळाचं पीठ घातलं, तशी सगळेच गंभीर झाले. दिसायला सुरेख हो. जाळी पडली, रंग आला. चव कशी आहे ते कळायला मार्ग नव्हता. सारखं मनात यायचं, एक कोपरा मोडून बघावा. कुणी बघत नव्हतं. दोनदा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला. जिची आपल्यालाच खात्री नाही अशी वस्तू न चाखता देवळात न्यायची, म्हणजे जीव नुसता टांगणीला. हे तुम्ही रोज करत होतात! मला वाटायचं, तो हट्ट आहे. त्याला छाती लागते, हे काल कळलं.

अन्नकूट थाटात झाला. मिठायांचे डोंगर, मधोमध भाताचा. प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी. आपल्या ताटापुढे कोकिलाबेननी आधीच लिहून ठेवलं होतं, ‘दुर्गाबेनना अनारसा.’ मी बदलायला सांगितलं, पण आरती सुरू झाली होती.

आरतीनंतर प्रसाद वाटला. वन्सं, ते अनारसे नव्हते. देवळातले एक काका खाताना इतका मोठा आवाज झाला की पुजाऱ्याने वळून बघितलं. एका आजीबाईंनी तोंडातून काढून पदराला बांधून ठेवला, घरी दुधात भिजवते म्हणाल्या. आणि जो तो चिठ्ठी वाचत होता. “दुर्गाबेनना छे,” असं एकमेकांना सांगत होते.

तासाभराने कोकिलाबेन आपल्याकडे आल्या. “साल मुबारक” म्हणाल्या. त्या माझ्याहून मोठ्या, खरं तर रीतीने मी त्यांच्या दारी आधी जायला हवं होतं, पण अनारशांमुळे मी घरात दडून बसले होते. त्यांनी खुर्चीवर बसून पाणी घेतलं आणि म्हणाल्या, “दुर्गाबेन होत तो आवुं ना थात.”

त्या असत्या तर असं झालं नसतं. यावर माझ्याकडे निदान पाच उत्तरं होती, आणि त्यातली दोन फार चांगली होती. मी त्यातलं एकही दिलं नाही. म्हटलं, “साची वात छे,” खरं आहे. तुमचे बंधू वर्तमानपत्र खाली घालून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, मला बरं नाही.

तर वन्सं, डबीत जे आहे ते तुमच्या नावावर या गावात वाटलं गेलं आहे. मी मुद्दाम केलं नाही. पण लपवूही शकत नाही. आधी दुधात भिजवा.

भाऊबीजेला तुमच्या बंधूंना, तुमच्या दत्तूला, ओवाळा. तो बोलणार नाही, पण त्याला तुम्ही घरी हव्या आहात. मलाही.

वसुंधरा


लाभपाचम, सकाळ

वन्सं,

तुम्ही आतल्या खोलीत झोपला आहात, म्हणून ही चिठ्ठी तांब्याखाली ठेवते आहे. जाग आली आणि मी दिसले नाही तर घाबरू नका. मी समोरच आहे.

पहाटे रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं, तुमचे बंधू एकटेच. मग ते दोन पिशव्या घेऊन उतरले आणि त्यांच्या मागून तुम्ही, देवाची डबी छातीशी धरून. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “माझ्या नावावर दगड वाटलेत! तांदळाचं पीठ घातलंत ना वरून?” आणि चपला काढून थेट स्वयंपाकघरात. उरलेला गोळा काढला, बोटाने दाबला. “गूळ कमी. आणि हा अजून दोन दिवस थांबायला हवा होता. माझा हात धरा, इथे दाबा. असं लागलं की नाही घ्यायचा.” मी दाबलं. मला अजून काही कळलं नाही, पण कुठे दाबायचं ते कळलं.

आनंदची समजूत तुम्ही काय घातलीत ते मला रिक्षेचे पैसे देताना तुमच्या बंधूंकडून कळलं. “रेशनकार्ड राहू दे,” म्हणालात म्हणे, “मला तिथली साखर बरी मिळते.” आनंद हसला आणि मग रडला, असं ते म्हणाले. सुट्टीत नातवाला इकडे पाठवणार आहे.

माझ्या त्या दुकानातल्या देवाच्या प्रश्नावर तुम्ही अंघोळीला जाताजाता उत्तर दिलंत, ते मी इथे लिहून ठेवते, पुढे माझ्या ध्यानात राहावं म्हणून. “नैवेद्य आधी दाखवलात ना? मग पुढचं त्याच्याकडे. तुम्ही तुपात काटकसर करू नका म्हणजे झालं.”

त्या दुसऱ्या गोष्टीवर, माझ्या फाटकापाशी बोललेल्या वाक्यावर, तुम्ही काही बोलला नाहीत. मीही नाही. ते मला तुमच्याशी बोलून मिटवायचं नाहीच. ते बोललं गेलं होतं दुसरीकडे.

दिवाळीत बंद असलेली गावातली दुकानं आज लाभपाचमेला उघडतात. आपलंही उघडायचं आहे. पण साल मुबारक करायला लाभपाचमेपर्यंतच जाता येतं असं इथे मानतात, आणि कोकिलाबेनचं माझ्याकडे येणं होऊन गेलं तरी माझं त्यांच्याकडे जाणं राहिलं आहे. ते करून येते.

तुम्ही झोपा.

वसुंधरा

ता. क. जाऊन आले. तुम्ही अजून झोपलेल्याच आहात, म्हणून याच कागदावर लिहिते. कोकिलाबेन तुळशीला पाणी घालत होत्या. मी वाकून नमस्कार केला, गुडघ्यांनी कुरकुर केली पण केला. “साल मुबारक” म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मग उभ्याउभ्याच, फाटकापाशी, भाजीवाला ऐकत असताना मी गुजरातीत म्हटलं की आमच्या दुकानातलं जे काही कळतं ते आमच्या वन्संना कळतं, मी पिशव्या भरते. त्यांनी मान हलवली. “दुर्गाबेन क्यारे आवशे?” म्हणाल्या, कधी येणार?

मी म्हटलं, “आवी गयां.”